जंतूबाबूंचे पाहुणे

आमच्या सिहोऱ्यात कोणी नवा माणूस आला की लोक त्याला गाव विचारायचे, पगार विचारायचे, आडनावावरून नातं लागतं का ते पाहायचे. जंतूबाबू फक्त नखं विचारायचे. मी शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो, त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं आणि ओळख करून घ्यायला गेलो, तर दारातच आवाज आला, "मास्तर, नखं!" मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या करंगळीवर माझा निकाल लागला.

"घरी जा, कापा, मंग या. पाहुणे बसले हायेत तिथं."

पाहुणे म्हणजे जंतू. बाबू आरोग्य केंद्रात रक्ताच्या काचपट्ट्या तपासायचे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जंतूंशी त्यांची अशी घसट झाली होती की सगळ्यांचे पत्ते तोंडपाठ. "टायफाइडवाले पाण्यातून येते. हगवणवाले माशीच्या पायाले लटकून येते. टीबीवाले खोकल्यासंग बाहेर पडते. अन् मलेरियावाले मच्छरच्या छकड्यात बसून! मच्छर बिचारा निरा गाडीवान. त्याले काय मालूम, आत कोण बसलं?" हे सगळं ते इतक्या कौतुकाने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाही एकदा टायफाइड होऊन जाऊ दे.

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत स्वतःचा पेला, स्वतःचा चमचा आणि विहिरीत टाकायचं लाल औषध असे. लग्नाला गेले की आधी पाण्याच्या ड्रमात चिमूटभर औषध. एकदा पाणी गुलाबी झालं आणि नवरदेवाच्या मामांना ते सरबत वाटलं. तीन पेले रिचवून मामा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे गरजले, "पोरीवाल्यायनं साखरेत काहून हात आखडला बे?" झालं! रुसवेफुगवे सुरू. शेवटी मुलीच्या बापाने खरंच सरबत करवलं, तर बाबू त्या पातेल्यापुढे आडवे. "बर्फ कोणत्या पाण्याचा हाय, ते सांगा पयले!"

किसन पैलवान एकदा दंड थोपटत आला. म्हणाला, बोडीचंच पाणी पिऊन मी एवढा झालो, कुठे आहेत तुमचे जंतू? बाबूंनी बोडीच्या त्या डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला. पैलवान एक डोळा मिटून वाकला आणि लगेच ताठ झाला.

"बाबू, हे तं पोहून राहिले!"

"पोहतीलच. त्यायचंच घर हाय ते. तुमी त्यायच्या घरात तोंड घालता."

त्या दिवशी पैलवान नुसत्या चहावर राहिला.

बाबूंचं सूत्र एकच: शंका आली की उकळा. पाणी उकळा, पंचा उकळा, चमचा उकळा. आमच्या घरी पाच वर्षांत त्यांनी चहाचा घोट घेतला नाही. माझी बायको कमल आग्रह करायची. बाबू म्हणायचे, "उकळला काय? आणखी एक डाव उकळा." तो काढा होऊन समोर येईपर्यंत बाबू घरी पोचलेले असत.

या सूत्रातून एकच वस्तू सुटली होती. बाबूंच्या कोनाड्यातलं दह्याचं छोटं गाडगं. बाबूंच्या पत्नी मंजुळावहिनी तापाने गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती. बाबूंनी त्यांची काचपट्टी चारदा तपासली, पण एकही पाहुणा दिसला नाही. त्यानंतर घरात एकटा जीव. भात कधी कच्चा, कधी करपलेला. पण रोज संध्याकाळी कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा घालायचं चुकलं नाही. "सारेच जंतू वैरी नसते, मास्तर. हे घरचे पाहुणे. दुधाचं दही हेच करते."

एकदा सरकारने बाबूंना चार दिवसांच्या प्रशिक्षणाला भंडाऱ्याला बोलावलं. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "बोट ठेवून दहा अंक मोजाले आले पायजे, इतकंच कोमट दूध. मंग एक चमचा. विसरू नोका, मास्तर." एसटीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा तेच सांगितलं.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी दह्यात माशी बसली. आता मी बाबूंचा पट्टशिष्य! माशीच्या पायांना कोण लटकलेलं असतं हे मला पाठ होतं. मी सगळं दही चुलीवर ठेवलं आणि चांगलं खळखळून उकळलं. त्याचं पाणी आणि चोथा झाला. मग त्यातला एक चमचा नियमाप्रमाणे कोमट दुधात घातला आणि शाबासकीची वाट पाहत राहिलो.

बाबू आले. गाडगं कलतं केलं. दूध डुचमळलं. मी मोठ्या ऐटीत सगळी हकीकत सांगितली. बाबू उंबरठ्यावर बसले.

"सारे मेले, मास्तर."

मी हसलो. म्हणालो, बाजारात दही काय कमी आहे?

"ते मंजुळाचं इरजण होतं. लग्नात पवनीहून आणलं होतं, तिच्या मायच्या घरून. ती गेली तवा गाडग्यात तिनंच लावलेलं दही होतं. तेच चालवून राहिलो होतो. तिच्या हातचं घरात तेवढंच जित्तं होतं."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. पायाखालची जमीन फाटली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

कमल कुंपणापलीकडे आमच्या अंगणात राखेने भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं, तशीच उठली आणि वाटीभर दही घेऊन आली. "बाबूजी, आमचं दही नासलं होतं तवा वहिनीनंच इरजण देलं होतं मले, या कुंपणावरून. तवापासून तेच लावते मी. अर्ध्या आळीत तेच हाय."

तिचा राखेने माखलेला अंगठा दह्यात बुडालेला मला दिसला. बाबूंनी पिशवीतला चमचा काढला नाही. वाटी घेतली, बोट बुडवलं, चाटलं.

"जरासं आंबट हाय," ते म्हणाले. "तिचंही राहे."

मग पुन्हा बोट, पुन्हा बोट, करता करता वाटी पार पुसून निघाली. तळ दिसल्यावर बाबू भानावर आले. डोळ्यांतून पाणी, मिशीला दही, आणि त्यातच त्यांना हसू फुटलं.

"कमलबाई, इरजणापुरतं आणखी देता काय?"

कमल तशाच हातांनी दुसरी वाटी भरायला आत गेली. बाबूंनी नखं विचारली नाहीत.