सुपडूनाना आणि 'बंगल्या'चा दुसरा भाग

सुपडूनाना भुताला अहो-जाहो करत.

व्हिडिओ गेममधलं भूत ते. टीव्हीच्या पडद्यावर बोटभर उंचीचं. ते जिन्यावरून खाली यायला लागलं की नाना रिमोट छातीशी धरून म्हणायचे, "या, या. सावकाश या." मग बंदुकीचं बटण दाबून त्याचा धूर केला की लगेच आपल्या अहिराणी वळणात, "माफ करा, ड्यूटी शे." आम्ही बघणारे हसून लोळायचो. एकदा मी विचारलंच, "नाना, भुताला कशाला एवढा मान?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "सायेब, ते मरून किती वर्षं झाली, कोनाला ठाऊक. वयानं आपल्यापेक्षा मोठंच असनार ना?"

 

ही नव्वदीतली, धुळ्याची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, एकटा राहत होतो आणि माझ्या खोलीच्या पलीकडे, एका भिंतीआड, नाना राहायचे. सगळा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेलेला. नोकरी संपली, तरी कंडक्टर काही संपला नव्हता. लग्नाच्या पंगतीत लोक घुसायला लागले की नाना आडवा हात घालत : "उठनाऱ्यांना आधी उठू द्या, मग चढा." रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे "मधे जागा शे, पुढं सरका." माझ्या खोलीतून निघताना दाराच्या कडीला दोन टोले द्यायचे आणि मगच पाय उचलायचे. खाकी सदरा मात्र त्यांनी धुऊन ट्रंकेत ठेवला होता. म्हणायचे, "तो घातला की बायको सुट्टे मागते."

अशा माणसाच्या घरात व्हिडिओ गेम आला तो सुरतच्या पुतण्यामुळे. त्यानं स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना काकांकडे टाकून गेला. नानांनी आधी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मग एका दुपारी कंटाळून रुमाल काढला, आणि त्या दिवसापासून ते गल्लीतल्या पोरांपेक्षा वाया गेले.

आमच्या गल्लीत या गोष्टींचं मुख्य ठाणं म्हणजे पारसचं दुकान. पारस हा मारवाडी तरुण. वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात त्यानं टीव्ही मांडला होता. वडिलांना हे पसंत नव्हतं, पण गेम खेळायला आलेला माणूस जाताना एखादा चमचा घेऊन जातो हे पाहून ते गप्प बसले होते. तिथे सगळ्यात जास्त चालायची ती 'बंगला' नावाची कॅसेट. खरं नाव देव जाणे, वरची अक्षरं जपानी होती. एक पडका बंगला, त्यात भुतं, आपल्या हातात बंदूक. एकेक भूत मारत फाटकापर्यंत पोचायचं. सरळ, सोपा, मर्दानी गेम. आम्ही त्यावर जीव टाकला होता.

आणि मग त्याचा दुसरा भाग आला.

पारसनं ती कॅसेट मुंबईहून मागवली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भांडी वर टांगून ठेवावी लागली. गेम सुरू झाला. तोच बंगला, तोच जिना. पण बंदूक नाही! हातात नुसता कंदील. आणि पाठीमागे एक फ्रॉकवाली लहान मुलगी. ती आपल्या मागे मागे चालणार, तेही हळू. थोडं चाललं की दमून खाली बसणार. बसली आणि आपण पुढे गेलो की रडणार. रडली की भुतं येणार. तिला घेऊन त्या फाटकापर्यंत पोचायचं, एवढाच गेम.

"हा गेम आहे की पाळणाघर?" मी ओरडलो. सगळं दुकान माझ्या बाजूनं होतं. पारस तर रडकुंडीला आला होता.

आठवडाभरात कोणीतरी युक्ती शोधली. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत मुलीला न्यायचं आणि बाहेरून दार लावून घ्यायचं. मग ती रडली तरी भुतांना ऐकू येत नाही, आणि आपण सुसाट फाटकाकडे. गेमला ते चालायचं. शेवटी पडद्यावर फटाकेसुद्धा उडायचे. आम्ही सगळे तसंच खेळू लागलो.

नाना सोडून सगळे.

नाना त्या मुलीबरोबर चालायचे. ती बसली की रिमोट मांडीवर ठेवायचे आणि चहा मागवायचे. "बसली का माय? बस. घाई नही." मागची पोरं ओरडायची, पारस हात जोडायचा, पण नाना चहा बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. तेवढ्यात एखादं भूत येऊन दोघांनाही गिळून टाकायचं. "गाडी फेल," असं म्हणून नाना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. "नाना, ती खरी मुलगी नाही. ठिपके आहेत ते."

"तिकीट काढेल शे ना तिनं?"

"कसलं तिकीट?"

"मंग गाडीत बसली कशी?"

पारस म्हणाला, "नाना, खरं सांगा. तुम्हाला तो गेम पुरा करताच येत नाही, म्हणून मुलीचं नाव पुढे करता."

सगळे हसले. मीही हसलो. नानांनी पारसकडे पाहिलं, चष्म्याची दोरी कानामागे नीट केली आणि रिमोट घेतला. मुलीला पहिल्या मजल्यावर नेलं. दार लावलं. मग तो बोटभर माणूस असा पळाला की आमच्यापैकी कोणालाच तो तसा कधी पळवता आला नव्हता. फाटक, फटाके. दुकानात जल्लोष झाला. पारसनं दोन पातेली एकमेकांवर आपटली.

नाना हसले नाहीत. रिमोट खाली ठेवला, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "सायेब, घरी बोलू नका."

घरी फक्त सोनाअक्का होत्या, नानांची बायको. त्यांना वर्षभरापूर्वी लकवा झाला होता. उजवी बाजू गेलेली. त्या आतल्या खोलीत खाटेवर असायच्या, मी त्यांना फारसं पाहिलेलंही नव्हतं. मला वाटलं, म्हातारा दुकानात वेळ घालवतो म्हणून बायकोला भितो. मी मान हलवली आणि विसरून गेलो.

नानांकडे घरी दुसऱ्या भागाची स्वतःची कॅसेट होती. पुतण्याकडून हट्टानं मागवलेली. ती उन्हाळ्यात बंद पडली. नानांनी फुंकून पाहिलं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं. पडदा निळाच. पारसकडे धाव घेतली, तर पारसनं आपली कॅसेट केव्हाच कोणाला तरी देऊन टाकली होती. पुतण्याला विचारलं, तर सुरतेतही मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना माझ्या ऑफिसात उभे. घामानं डबडबलेले.

"रविवारी जळगावले येता का माझ्यासंगे? तुम्हाला त्यातलं समजतं."

मी हसत म्हटलं, "नाना, त्या डब्बा गेमसाठी जळगाव?"

"येता का, तेवढं सांगा."

त्यांचा चेहरा पाहून मी गेलो.  पारोळा येईपर्यंत एसटीचा कंडक्टर कितीदा बाजूनं गेला, तरी नानांनी त्याला एक सूचनासुद्धा केली नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

एरंडोलच्या अलीकडे ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. "लकवा झाला ना, तवापासून आक्का बोलेच ना. डाक्टर म्हने, बोलता येईल. पन ही बोलेच ना. भिंतीकडे तोंड. मी बोलू, मी गानं म्हनू, कंडक्टरच्या नकला करू. काही नही. मंग मी आपला तो गेम खेळत बसू. बंदुकीच्या आवाजानं तिनं डोक्यावरून गोधडी ओढली."

"मग?"

"मंग हा दुसरा आला. मी खेळू राह्यलो. ती पोर बसली. मी पुढं निघालो तर मागून आवाज. 'तिले बसू द्या. थकनी ती.'" नाना खिडकीकडून माझ्याकडे वळले. "मी रिमोटच टाकला हातातला. वळून पाहिलं, तर आक्का टीव्हीकडे तोंड करून."



"आता दिवसभर रागावते माझ्यावर. 'हळू चाला. तिकडून नका नेऊ, तिकडे अंधार शे. तुम्हाले पोर सांभाळता येत नही.'" नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लई रागावते. बरं वाटतं."

त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मला माहीत होतं. 

जळगावच्या मार्केटमधे आम्ही दुकानांमागून दुकानं पालथी घातली. सगळीकडे पहिला भाग. "आजोबा, दुसरा कशाला? फेल गेलेला माल आहे तो," दुकानदार सांगायचे. नाना नम्रपणे "तरी बघा ना" म्हणत उभे राहायचे. शेवटी एका घड्याळवाल्यानं खोक्याच्या तळातून कोणीतरी परत केलेली एक कॅसेट काढली, धूळ झटकली. नानांनी ती तिथेच लावायला लावली. जिना आला, कंदील आला. नाना श्वास रोखून होते. मग पडद्याच्या डाव्या कडेनं फ्रॉक आला.

"ही. हीच," नाना म्हणाले. घड्याळवाला आमच्याकडे बघतच राहिला.

खेळ म्हणून तो दुसरा भाग वाईटच होता, हे मी आजही म्हणतो. बंदूक काढून टाकायला नको होती. पण कोणी त्याला नावं ठेवायला लागलं की मी आता वाद घालत नाही, विषय बदलतो.

परतलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. नानांनी मला बाहेरून जाऊ दिलं नाही, हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. सोनाअक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अगदी लहानशा दिसत होत्या. नानांनी कॅसेट बसवली आणि खाली, खाटेला टेकून बसले.

गेमचं गाणं वाजलं. पाठ हलली नाही. नानांनी माणसाला दोन पावलं चालवलं. मुलगी मागून आली, जिन्यापाशी दमली आणि खाली बसली.

खाट करकरली. अक्कांनी डाव्या हातानं खाटेची कड धरून स्वतःला वळवलं. त्याला बराच वेळ लागला. नानांनी मदत केली नाही, नुसतं पडद्याकडे बघत राहिले. अक्कांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि शब्द जड येत होते, पण कळत होते.

"कोठे व्हती वं तू इतला दिन?"

"जळगावले गयी व्हती," मुलीच्या वतीनं नानांनी सांगितलं, आणि ती उठेपर्यंत बटणाला हात लावला नाही.