ताशी नऊ किलोमीटर वेगाने सॅमन

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ज्याला सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करता येतो, त्याला या जगात काहीही करता येतं. मासे पकडणं म्हणजे काय हो? एक बोट, एक दोरी, एक गळ आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपल्यापेक्षा कमी शिकलेला प्राणी!

हेच मी फेब्रुवारी २०२०मध्ये अ‍ॅडलेडच्या विमानतळावर माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं. त्यांची बॅग ट्रॉलीवर चढवता चढवता मी म्हणालो, "अण्णा, तीन महिने आलाच आहात, तर माझ्या हाताने पकडलेला सॅमन तुम्हाला खायला घातला नाही तर नाव बदलून ठेवा!"

अण्णा म्हणजे प्रल्हादराव. गाव रेवदंडा. आयुष्य तहसील कचेरीत गेलं आणि संध्याकाळ रोज मासळीबाजारात. मी पक्का पुण्याचा, लग्नापर्यंत मासा फक्त काचेच्या पेटीत पोहताना पाहिलेला. अण्णांनी मला जावई म्हणून स्वीकारलं होतं, पण माझी ओळख करून देताना ते एक वाक्य कधी विसरत नसत. "माणूस गुणी आहे हो. काटे काढता येत नाहीत, एवढंच."

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. करोना आला, सीमा बंद, विमानं बंद. तीन महिन्यांसाठी आलेले अण्णा अठरा महिने अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरात आमच्याकडे अडकले. घरात मासा यायचा तो सुपरमार्केटचा. गुलाबी, चौकोनी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. अण्णा पहिला घास घेऊन म्हणाले होते, "वास नाही, काटा नाही, चव नाही. हा मासा आहे की कचेरीतून आलेलं उत्तर?" त्यानंतर ते निमूट जेवत राहिले. मला विमानतळावरच्या शब्दाची आठवण त्यांनी एकदाही करून दिली नाही. ती करून दिली असती तर बरं, असं वाटायला लागलं होतं मला!

ऑगस्ट २०२१मध्ये एकदाचं त्यांना परतीचं तिकीट मिळालं. पुढच्या शुक्रवारचं विमान. आनंदीआनंद! पण चारुताने, म्हणजे माझ्या बायकोने, कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"सोमवारपासून श्रावण आहे, हृषी. अण्णा श्रावणात मासळीकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे उरले फक्त शनिवार आणि रविवार. तू काय कबूल केलं होतंस आठवतंय?"

"अगं, पण लॉकडाऊन होता ना!"

"अ‍ॅडलेडमध्ये? नोव्हेंबरात तीन दिवस आणि जुलैत सात. दहा दिवस झाले. उरलेल्या सव्वापाचशे दिवसांत काय करत होतास?"

मी फोन उचलला आणि निनादला लावला.

निनाद माझा ऑफिसमधला मित्र, दोन गल्ल्या सोडून राहतो. करोनाच्या सुरुवातीला लोकांनी घरी पाव भाजले, निनादने बोट घेतली. छोटी, अ‍ॅल्युमिनियमची, ट्रेलरवर बसवलेली. तिला अजून पाणी कसं असतं ते माहीत नव्हतं. त्याच्या बायकोने, नुपूरने, तीत कोथिंबिरीच्या कुंड्या ठेवल्या होत्या.

"अरे, नो वरीज!" निनाद म्हणाला. "हिवाळा म्हणजे सॅमनचा सीझन. रविवारी सकाळी समुद्रावर जाऊ. ट्रोलिंग करू!"

ट्रोलिंग म्हणजे काय, तर बोट संथ चालवायची आणि मागे तीस मीटर दोरीवर एक चकचकीत धातूचा खोटा मासा ओढत न्यायचा. खऱ्या माशाला वाटतं, फराळ पळतोय. तो झडप घालतो, गळात अडकतो, संपलं! आम्ही त्यावरचे एकवीस व्हिडिओ पाहिले. मी एक्सेल शीट केलं. बोटीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. रिळाचा ब्रेक किती घट्ट, दोरी किती लांब, गळाच्या दोन काठ्यांमध्ये अंतर किती, सगळं सगळं त्यात होतं.

आता अडाणी माणूस काय करेल? थेट समुद्रावर जाईल. आम्ही तसले नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही गोष्ट टेस्ट केल्याशिवाय लाइव्ह केलेली नाही. म्हणून मी ठरवलं, शनिवारी दुपारी रंगीत तालीम करायची. आमच्या गल्लीत! बोट ट्रेलरवर, ट्रेलर माझ्या गाडीला, गाडी ताशी नऊने, आणि मागे डांबरावर दोन खोटे मासे. पाणी नसलं म्हणून काय झालं? वेग तोच, दोरी तीच!

"गळ काढलेस ना रे?" निघण्यापूर्वी मी निनादला विचारलं. त्या खोट्या माशांच्या शेपटीला तीन-तीन आकड्यांचे गळ असतात, आणि ते तालमीपुरते काढायचे असं माझ्या शीटमध्ये ओळ क्रमांक चौदावर स्वच्छ लिहिलं होतं.

"शीट बघ ना. सगळं ग्रीन आहे."

मी पाहिलं. ओळ चौदा खरंच हिरवीगार होती. एकदा ओळ हिरवी झाल्यावर प्रत्यक्ष गळ कोण बघतो हो? ऑफिसात कधी कुणी बघितलाय?

निनाद रिळं सांभाळायला बोटीत बसला. "मीपण बसतो," अण्णा म्हणाले, आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत चढलेसुद्धा. माकडटोपी, तोंडावर मास्क, स्वेटरवर नारिंगी लाइफ जॅकेट! अठरा महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मागच्या सीटवर माझी आठ वर्षांची मुलगी उर्वी, वेग मोजायला. निनादशी संपर्क फोनच्या स्पीकरवर.

निघालो. "Nine, Baba. Ten. Too fast. Nine," उर्वी सांगत होती. मागे डांबरावर खोटे मासे टणाटण उड्या मारत होते. फोनवर निनाद, "परफेक्ट! काय अ‍ॅक्शन आहे!" गल्लीतले लोक फाटकापाशी येऊन बघायला लागले. अण्णा बोटीतून त्यांना हात करत होते, एखाद्या मिरवणुकीत बसल्यासारखे.

आमच्या समोर केव्हिन राहतो. सत्तरीचा, एकटा. अण्णा आणि तो गेलं दीड वर्ष रोज सकाळी आपापल्या फाटकात उभे राहून एकमेकांना मान डोलवत, बस्स. अण्णांना त्याचे उच्चार कळत नाहीत, त्याला अण्णांचे. आम्ही त्याच्या घरावरून पुढे गेलो तेव्हा तो नळी घेऊन काहीतरी धूत होता.

आणि फोनमध्ये रिळाचा आवाज आला. कर्रर्रर्रर्र!

"फिश ऑन!" निनाद किंचाळला.

"निनाद, आपण रस्त्यावर आहोत!"

"अरे, पण काहीतरी मोठं लागलंय! काठी वाकलीय! थांबू नकोस! दोरी ढिली पडली तर जाईल!"

तेही खरंच होतं. व्हिडिओ क्रमांक सात, मासा लागला की बोट थांबवायची नाही. मी आरशात पाहिलं. मागे दूरवर निळं काहीतरी गडगडत येत होतं आणि त्याच्याही मागे केव्हिन. घरात घालायचे मेंढीच्या कातड्याचे बूट, हातात पाण्याची नळी, दोन्ही हात वर. काय बरं ओरडत होता! मला वाटलं, प्रोत्साहन देतोय. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला अंगठा दाखवला.

"Baba," उर्वी शांतपणे म्हणाली, "you caught Kevin's esky."

एस्की म्हणजे इथल्या माणसाचा जीव की प्राण! बर्फ भरून त्यात बिअर आणि मासे ठेवायचा पेटारा. केव्हिनच्या एस्कीला चाकं होती. ओळ चौदावरचा हिरवागार गळ तिच्या मुठीत अडकला होता आणि ती आज्ञाधारकपणे ताशी नऊने आमच्यामागे येत होती.

आता थांबलो तर ती उतारावर सरळ बोटीवर येऊन आदळणार. नाही थांबलो तर केव्हिन धावून धावून पडणार. विचार करेपर्यंत पुढे गोल चौक आला. डावीकडून बस येत होती. समोरच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती, आणि माझ्यामागे ट्रेलरवरच्या बोटीत दोन माणसं! ज्या रस्त्याने आलो तिथे केव्हिन. मग मी काय करणार? मी चौकाला प्रदक्षिणा घातली. मग आणखी एक. पोलीस हलेनात, म्हणून तिसरी!

चौकाच्या मध्यभागी एक निलगिरीचं झाड आहे. तीस मीटर दोरी मागे घेऊन झाडाभोवती गोल फिरलं की काय होतं, हे एकवीसपैकी एकाही व्हिडिओत सांगितलेलं नाही. दोन्ही दोऱ्या झाडाला गुंडाळल्या गेल्या. तीन वेढे पूर्ण झाले आणि गाडीला हिसका बसला. एक काठी मोडली, दुसरी बोटीतून उडून झाडाला टेकून उभी राहिली. एस्की फुटपाथच्या कडेवर चढली, हवेत उलटली, तिचं झाकण उघडलं आणि बर्फासकट पाच रुपेरी, हातभर लांब मासे रस्त्यावर सांडले.

 पहिले बोलले ते अण्णा.

"हृषिकेशराव," बोटीतून ते म्हणाले, "वटपौर्णिमा जूनमध्येच झाली. आणि ती बायकांनी करायची असते."

पोलीसबाई मास्क नीट करत आल्या. "इथे प्रमुख कोण?" मी निनादकडे बोट केलं, निनादने माझ्याकडे. उर्वीने दोघांकडे बघून माझ्याकडे केलं. मी शीट दाखवायला फोन काढला, पण तेवढ्यात अण्णा उभे राहिले आणि आयुष्यभर साहेबांपुढे उभं राहिलेल्या माणसाच्या इंग्रजीत बोलायला लागले.

"मॅडम. धिस माय सन-इन-लॉ. गुड बॉय. मंडे श्रावण, नो फिश वन मंथ. फ्रायडे आय गो इंडिया. ही प्रॉमिस मी सॅमन. फॉर मी ही डू."

 म्हणजे म्हातारा काहीच विसरला नव्हता!

बाईंनी झाडाकडे पाहिलं. मग बोटीकडे, मग माशांकडे. "म्हणजे मिळाले म्हणायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. माझं नाव-पत्ता लिहून घेतला, ट्रेलरवरच्या बोटीत पुन्हा माणूस दिसला तर परिणाम काय होतील ते खणखणीत शब्दांत सांगितलं, आणि झाड मोकळं होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. दोऱ्या कापायला पाऊण तास लागला. कात्री केव्हिनने आणली.

बिचारा धापा टाकत होता. मी चाळीस वेळा सॉरी म्हणालो. नवी एस्की घेऊन देतो म्हणालो. त्याचं लक्षच नव्हतं. तो अण्णांकडे बघत होता. अण्णा रस्त्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी एक मासा उचलला, अंगठ्याने त्याचा कल्ला उघडून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"लालभडक! चारू बघायला हवी होती रे! आज सकाळचा आहे हा!"

"आजच सकाळी मिळाले," केव्हिनने मला सांगितलं. "बीचवर. वाळूत उभं राहून. बोट लागत नाही, मेट."

"सॅमन आहे?"

"आम्ही सॅमन म्हणतो. खरा सॅमन नव्हे तो. चव फार उग्र. मी खेकडे पकडायला आमिष म्हणून वापरतो." मग तो अण्णांकडे वळला आणि पाचही मासे हातानेच दाखवून म्हणाला, "टेक 'एम, मेट. यू हुक्ड 'एम."

अण्णांना पहिल्यांदाच त्याचे उच्चार कळले.

संध्याकाळी स्वयंपाकघर अण्णांनी ताब्यात घेतलं. मासा स्वतः कापला, लसूण स्वतः ठेचली, रेवदंड्याहून आणलेली शेवटची आमसुलं काढली. गुलाबी रंग कुठेच नव्हता. मांस काळपट, वास घरभर. केव्हिनचं 'उग्र' मला आठवायला लागलं. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावत राहिले.

"हृषिकेशराव," शेवटी ते म्हणाले, "हा सॅमन नव्हे."

माझा चेहरा पडला. चारुताने माझ्याकडे पाहिलं. अठरा महिने, एकवीस व्हिडिओ, एक मोडलेली काठी, एक पोलीस, आणि तरी शब्द पाळला गेला नाही तो नाहीच!

"हा बांगड्याचा थोरला भाऊ आहे!" अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून चक्क पाणी आलं. "दीड वर्ष झालं हो. मला वाटलं होतं, ही चव आता घरी गेल्यावरच."

त्यांनी तीनदा भात घेतला. आणि मग एक मोठी तुकडी उचलून, एकेक काटा काढून माझ्या पानात ठेवली. मी पुण्याचा माणूस, पण सगळी खाल्ली. एक वाटी समोर केव्हिनकडेही गेली. ती रिकामी परत आली, आणि आमिषाबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

रविवारी वारा सुटला होता आणि आमच्याकडे वीतभरही दोरी उरलेली नव्हती, त्यामुळे समुद्र राहिला. बोटीत पुन्हा कोथिंबीर आली. अण्णांनी मात्र पाचही माशांसोबतचा माझा फोटो रेवदंड्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "जावयाने स्वतः ट्रोलिंग करून पकडलेले." गावभर माझं नाव झालं. काटे काढता येत नाहीत हे वाक्य त्या दिवसापासून बंद झालं आहे, आणि मीही कुणाला काही समजावायला गेलेलो नाही. बोट खरी होती, गळ खरा होता, मासे खरे होते. खोटं काय आहे त्यात?

फक्त काल अण्णांच्या धाकट्या भावाने, तो स्वतः होडी घेऊन समुद्रात जातो, ग्रुपवर विचारलं, "तिथे पाणी किती खोल होतं हो?"

अण्णांनी लगेच उत्तर दिलं, "अजिबात नव्हतं."