इटलीचं टोपण

चंद्रभान गावंडे पोस्टातून घरी आला तेव्हा त्याच्या खिशात टोपण होतं आणि पेन नव्हतं. दिसायला यात काही फरक पडत नाही. खिशाला अडकवलेल्या पेनाचं बाहेरून टोपणच तेवढं दिसतं. मधाच्या रंगाचं, आतून काळ्या शिरा गेलेलं, कमरेला सोनेरी कडं घातलेलं ते टोपण नेहमीसारखंच ऐटीत बसलं होतं. रस्त्यात चार जणांनी रामराम घातला आणि चौघांनीही नेहमीप्रमाणे आधी खिशाकडे पाहिलं. चंद्रभानने मात्र एकालाही उलट रामराम घातला नाही.

अकोल्याच्या एका कचेरीत तो हेडक्लार्क होता आणि पेनांच्या नादापायी गावभर माहीत होता. घरी एका लाकडी पेटीत, पिंजलेल्या कापसाच्या गादीवर त्याची पंधरा पेनं झोपलेली असत. पण ती पंधरा एकीकडे आणि हे सोळावं एकीकडे. हे इटलीचं होतं. कारखान्यात शंभराच्या घाण्यात निघालेलं नव्हे, तर एका म्हाताऱ्या कारागिराने खरादावर कातून, महिनाभर हाताने घासून केलेलं. लढाईत लष्करी गाडी चालवणाऱ्या देवमन तायड्याने ते दुधाचे दोन डबे देऊन त्या म्हाताऱ्याकडून घेतलं होतं. अशा रंगाचं दुसरं जगात नाही, असं म्हाताऱ्याने खुणांनी सांगितलं होतं म्हणे. देवमन परत आला, सरकारी जीपवर ड्रायव्हर झाला आणि चंद्रभानने नवी कोरी सायकल देऊन त्याच्याकडून ते पेन मिळवलं. तेव्हापासून देवमन सायकलवर आणि चंद्रभान पायी.

या पेनाने चंद्रभानने आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. कचेरीत तो दौतीत बुडवायच्या टाकानेच लिही. इटलीचं पेन दर रविवारी कोमट पाण्याने धुवायचं, नवी शाई भरायची, उन्हात धरून त्याच्या शिरा पाहायच्या आणि खिशाला लावायचं.

"लिहाचंच नाही तं पेन कायले पाह्यजे?" त्याची बायको वच्छला विचारी. "हळदकुकू वाहून देव्हाऱ्यात ठेवा त्याले."

"तुले नाही समजत. ते पाह्याची वस्तू हाय."

"मंग मले बी पाह्याचीच वस्तू समजा न् सैपाक तुमी करा."

स्वतः लिहीत नसला तरी कुणी मागितलं की तो पेन देई. वस्तू पाहायला दुसरं माणूस लागतंच. देताना मात्र टोपण काढून आपल्या मुठीत ठेवी. बिनटोपणाचं पेन कुणाला खिशात घालता येत नाही, शाई गळते, म्हणून ते झक मारत परत येतं, हा त्याचा सिद्धांत होता आणि सहा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

त्या दिवशी पोस्टात धोतर नेसलेल्या एका माणसाने विचारलं, "भाऊ, पेन देता का? पत्ता टाकाचा हाय."

चंद्रभानने पेन दिलं, टोपण मुठीत धरलं. तेवढ्यात तिकिटांच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "हातात काय चमकून राह्यलं, गावंडेजी?" बस्स. चंद्रभानने टोपण खिडकीवर ठेवलं आणि इटलीपासून सुरुवात केली. म्हातारा आला, खराद आला, दुधाचे डबे आले. गोष्ट सायकलीपर्यंत पोचली तेव्हा बाहेर बाळापूरच्या मोटारीचा भोंगा वाजला. चंद्रभानने मागे वळून पाहिलं, तर लिहिण्याच्या मेजावर डिंकाची वाटी होती आणि माणूस नव्हता.

"कसा होता दिसाले?" कारकुनाने विचारलं.

चंद्रभानने आठवून पाहिलं. माणसाने पेन फार खाली धरलं होतं, निब जरा वाकडी टेकवली होती, हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. पण पेनाकडे पाहताना माणसाकडे पाहायचं राहूनच गेलं होतं.

"धोतर होतं," तो म्हणाला.

"मंग सापडलाच समजा," कारकून म्हणाला आणि त्याने खिडकी लावली.

पेन गेल्याचं दुःख मोठं होतंच, पण त्याहून मोठी एक भानगड होती. चंद्रभानच्या मुलीची, ललिताची सोयरीक या पेनावर जुळली होती. गेल्या माघात अमरावतीला एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या समोर पंजाबराव भुयार बसले होते. त्यांच्या खिशाला एक नाही, दोन नाही, ओळीने तीन इटलीची पेनं होती. मुंबईला बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने आणून दिलेली. दोघांनी एकमेकांचे खिसे पाहिले आणि दोघांचंही जेवण पानात राहिलं. मग पत्रं सुरू झाली. पंजाबरावांचा मुलगा मास्तर होता, ललिता मॅट्रिक झालेली. पंजाबरावांनी शेवटी लिहिलं, "ज्या घरच्या खिशाला असं पेन आहे, त्या घरची पारख आणखी काय करायची?" आता पुढल्या आठवड्यात यादी होती. बोलणी कागदावर उतरवायची, दोन्ही बापांनी खाली सही करायची आणि मगच लग्न पक्कं समजायचं. चंद्रभानला घाम फुटला. खिशात पेन नाही म्हणजे घराची पारखही गेली, असं त्याचं सरळ गणित होतं.

घरात त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पण रिकामं टोपण हलकं असतं. दुसऱ्याच दिवशी कचेरीत साहेबांना वाकून नमस्कार करताना ते खिशातून सुटलं आणि टुणकन टेबलाखाली गेलं. चंद्रभान त्याच्यामागे टेबलाखाली गेला. साहेब खाली वाकून म्हणाले, "गावंडे, नमस्कार पावला. या बाहेर."

टोपणाला वजन हवं होतं. घरामागे जळणासाठी पऱ्हाटी रचलेली होती. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या काड्यांतून त्याने एक बरी निवडली आणि दाढीच्या पात्याने तासायला बसला.

वच्छलाने पाहिलं. "काय करून राह्यले?"

"दात कोराले काडी."

"येवढी जाडी? दात तुमचे हायेत का हत्तीचे?"

त्याने काडी तासली, वाळूने घासली, तेल चोळलं. टोपणात ती छान बसली, पण दोन दिवसांत वाळून सैल झाली. मग त्याने सोनाराकडून लाखेचा खडा आणला, पातळ करून आत ओतला आणि काडी ठोकून बसवली. आता टोपण आणि पऱ्हाटी जन्माची बांधली गेली. ते खिशाला लावून तो आरशासमोर उभा राहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला झोप येईल असं वाटलं.

देवमन वाटेत भेटला की सायकल थांबवून विचारी, "इटली कशी हाय?"

"बरी हाय," चंद्रभान म्हणे आणि खिशावर हात ठेवून पुढे चालू लागे.

यादीच्या दिवशी अमरावतीची मंडळी सकाळच्या गाडीने आली. पंजाबराव तीन टोपणं चमकवत उतरले. सोबत मुलाचे मामा होते, बाळापूरचे भगवंतराव, उंच, फेटेवाले, मोजकं बोलणारे. पाणी झालं, चहा झाला. साक्षीदार म्हणून देवमन आला होता. बैठकीत कागद मांडला. गुरुजींनी टाकाने यादी लिहिली आणि टाक पुसून दौतीसह पिशवीत घातला. म्हणाले, "सह्या आता तुमच्या तुमच्या पेनानं होऊ द्या. अशी चार पेनं या बैठकीत पुन्हा येणार नाहीत."

सगळे सरसावून बसले. शेजारची माणसंही दारात येऊन उभी राहिली.

"करा, पंजाबरावजी," चंद्रभान कागद पुढे सरकवत म्हणाला.

"छे छे. आधी तुमी. पोरीचा बाप मोठा."

"वरपक्षाचा मान पह्यला."

"मान कायचा, इवाई? घर तुमचं, बैठक तुमची, पह्यली सही तुमची."

"तुमी पाव्हणे."

"तुमी वडील."

"मी तुमच्याहून चार वर्षानं लहान हावो."

मुलाचा बाप इतका नम्र असू शकतो हे चंद्रभानने आयुष्यात प्रथमच पाहिलं. पंजाबरावांच्या कपाळावरही घाम होता, पण उन्हाळाच तसा होता. कागद या मांडीवरून त्या मांडीवर तीन वेळा गेला आणि तीन वेळा परत आला. आतल्या दारात वच्छला पदर खोचून उभी राहिली. ललिताचा हात तिच्या हातात होता.

भगवंतरावांना राहवलं नाही. "पोरगं बुढं होऊन जाईन न् तुमचं तुमी-तुमी चालूच राहीन. हे घ्या, याच्यानं करा."

त्यांनी कोपरीच्या आतून फडक्याची पुरचुंडी काढली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी शाईने भिजलेली घडी. आतून मधाच्या रंगाचं, काळ्या शिरांचं, बिनटोपणाचं पेन निघालं.

चंद्रभानचा हात आपोआप खिशावरच्या टोपणावर गेला.

"पोस्टात एका मानसानं देल्लं होतं," भगवंतराव सांगू लागले. "माह्यी मोटार सुटून राह्यली होती, हातात घेऊनच पयालो. पन तो बी काय मानूस! पेन देल्लं न् टोपनच नाही देल्लं. दोन धोतरं खराब झाले माह्ये. तोंडबी ध्यानात नाही त्याचं, खिडकीपाशी पाठ करून बडबड करून राह्यला होता. भेटला तं टोपन मागून घेईन."

पेन चंद्रभानच्या हातात आलं. सहा वर्षं त्याने ते पाहिलं होतं, धुतलं होतं, पुसलं होतं, आज पहिल्यांदा कागदावर टेकवलं. निब लोण्यातून गेल्यासारखी गेली. 'चंद्रभान' लिहून झालं तरी त्याला थांबवेना, म्हणून त्याने वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, मुक्काम अकोला लिहिलं. इतकी वर्षं आपण या पेनाला उपाशी ठेवलं, असं वाटून त्याला खरंच वाईट वाटलं.

पंजाबरावांनी सही केली आणि पेन उजेडाकडे धरलं. त्यांचे डोळे बदलले. "भगवंतराव, हे मले देऊन टाका."

"घेऊन टाका. मले कायले पाह्यजे बिनटोपनाचं?"

बोलावं तर पोरीचं लग्न मोडतं, न बोलावं तर पेन अमरावतीला जातं. चंद्रभानने पोरीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. पण देवमन मान पुढे काढून बसला होता.

"थांबा जरा," देवमन म्हणाला. "असं दुसरं जगात नाही, असं म्हातारा बोलला होता मले. चंद्रभानजी, तुमचं काढा बरं. जोडी लावून पाहू. म्हातारा लबाड निघाला."

सगळी बैठक चंद्रभानच्या खिशाकडे पाहू लागली. पळून जायला जागा नव्हती, दारात शेजारी होते. त्याने दोन बोटांनी क्लिप धरली आणि हळूहळू वर ओढली. आधी मधाचं टोपण आलं, मग सोनेरी कडं, आणि मग त्याखाली वीतभर पऱ्हाटी.

दारातल्या एका शेजाऱ्याला ठसका लागला.

"म्हनजे टोपनवाले तुमीच?" भगवंतराव म्हणाले.

"मीच," चंद्रभान म्हणाला. मग त्याने पंजाबरावांपुढे हात जोडले. "पेन नव्हतं, सांगाची हिंमत झाली नाही. पोरीचा यात काही दोष नाही. तिले याची खबरबी नाही."

पंजाबरावांनी ती वस्तू हातात घेतली. बराच वेळ फिरवून पाहिली. अंगठ्याने काडी चाचपली, लाखेचा सांधा नखाने टोकरला. मग दाराकडे एक नजर टाकली, सुस्कारा सोडला आणि स्वतःच्या खिशातलं मधलं टोपण उपसलं. खाली पिवळसर, गुळगुळीत, एका रेषेतली काडी होती. मग उजवीकडचं काढलं, मग डावीकडचं.

"तुऱ्हाटी," ते म्हणाले. "पऱ्हाटीचं काम करू नये, इवाई. वाळली का चिरते. तूर सरळ राह्यते."

"तिन्ही?" चंद्रभानला विश्वास बसेना.

"एक नागपूरच्या स्टेशनावर गेलं, एक कोर्टात. तिसरं आमच्याच पाव्हण्यानं नेलं, पन तो पाव्हना कोन ते ध्यानात नाही. टोपन मात्र तिन्ही डाव माह्याच मुठीत होतं."

"पंगतीत बसलो तवाबी?"

"तवा उजवीकडचं खरं होतं," पंजाबराव अभिमानाने म्हणाले.

दोघांनी काड्या शेजारी शेजारी ठेवल्या. तासायला पातं बरं की काच, तेल जवसाचं की करडीचं, यावर बोलणं सुरू झालं. यादी बाजूला पडली.

वच्छला पुढे आली आणि तिने इटलीचं पेन उचललं. "हे मी ललिताले देतो. तुमी दोघं टोपन सांभायता, पोरगी पेन सांभायीन."

लाख काही निघाली नाही, त्यामुळे टोपण पऱ्हाटीकडेच राहिलं. वैशाखात लग्न झालं. फोटोत दोन्ही व्याही छाती पुढे काढून उभे आहेत आणि दोघांच्या खिशांत मिळून चार इटलीची पेनं स्पष्ट दिसतात.

महिन्याभराने अमरावतीहून ललिताचं पहिलं पत्र आलं. चंद्रभानने ते आधी वाचलं नाही, नुसतं पाहिलं. काळीभोर, वळणदार, एका लयीत गेलेली अक्षरं होती. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने वाचलं. सगळी खुशाली लिहून झाल्यावर खाली लिहिलं होतं: "मामंजींनी विचारलं आहे की गावाकडून तुऱ्हाटीची मोळी आली आहे, दोन बारीक काड्या पाठवू का?"

चंद्रभानने टाक दौतीत बुडवला आणि उलट टपाली कार्ड लिहिलं: "चार पाठवाव्या. संग्रह वाढवण्याचा विचार आहे."