चौथा डबा

"आज संध्याकाळपर्यंत या घरात दोनच डबे उरतील," असं व्हर्लिन राडेमाखरने शनिवारी सकाळी पॅनकेकवर सिरप ओतता ओतता जाहीर केलं.

डोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, कॉफीचा कप खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपणहून काही कमी करायची भाषा काढली, ती पहिल्यांदाच.

व्हर्लिनचा धंदा कवळ्या बनवायचा. मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. पण जीव होता गिटारमध्ये, आणि गिटारपेक्षाही तिच्या अँप्लिफायरमध्ये. हा अँप्लिफायर साधासुधा नव्हता. गिटारचा आवाज गोड निघणार की गुरगुरणार, हे ज्या भागात ठरतं तो भाग यात सुटा होता. पुस्तकाएवढा धातूचा डबा, पुढे बटणं, आत काचेच्या दोन ट्यूब. एक डबा खेचून काढायचा, दुसरा सरकवायचा, की अँप्लिफायरचा स्वभावच बदलतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. घरात सगळे डबाच म्हणत. अँप्लिफायरमध्ये खाचा होत्या दोन आणि व्हर्लिनकडे डबे होते अकरा.

त्यामुळे तो कधी सुखी नसे. दोन डबे घातले की उरलेले नऊ त्याला खुणावायचे. बँडच्या कार्यक्रमात एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत हा डबे बदलत बसे, आणि ट्यूब तापेपर्यंत लोक घरी जात.

आता मात्र निकड होती. पुढच्या रविवारी सासूबाई ऐंशी वर्षांच्या होत होत्या. चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं, आणि त्यांनी फर्माईश केली होती ती एका जुन्या वॉल्ट्झची, म्हणजे जोडीने नाचायच्या धुनेची. त्यांचे यजमान, कैलासवासी हेल्मुट श्टोल्त्स, ती अकॉर्डियनवर वाजवत. सासूबाईंनी, म्हणजे अर्माबाईंनी, जावयाच्या गिटारला आजवर चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. "झालं का?" एवढंच विचारत.

"आजवर मी डोळ्यांनी निवडत आलो," व्हर्लिन म्हणाला. "कुठला डबा देखणा, कुठला महाग, कुठला कुणी वापरला होता. आज कानांनी निवडणार. डोळे खोटं बोलतात. कान बोलत नाहीत."

"कान बोलत नाहीतच," अर्माबाई म्हणाल्या. "ऐकतात."

बेत पक्का शास्त्रीय होता. गॅरेजमध्ये दोरीवर चादर टांगली. चादरीमागे अँप्लिफायर आणि डोरीन. चादरीपुढे गिटार घेऊन व्हर्लिन. त्याच्या बाजूला गुण द्यायला दोघं: एक अर्माबाई, घोंगडी पांघरून, आणि दुसरा ऑगी पेट्रोस्की. ऑगी व्हर्लिनच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. आधी तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे कुठल्याही आवाजाने विचलित होत नसे. व्हर्लिनने प्रत्येक डब्याच्या नावावर कागद चिकटवून त्यावर एक ते अकरा आकडे टाकले. कुठल्या आकड्याखाली कुठला डबा, ते लिहून पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

"डोरीन, क्रमाने घालू नकोस हं," त्याने चादरीवरून सांगितलं. "उलटसुलट घाल. मला अंदाज यायला नको."

"बरं," चादर म्हणाली.

पहिला डबा झाला, दुसरा झाला. दर वेळी अँप्लिफायर बंद करायचा, डबा बदलायचा, ट्यूब तापायची वाट बघायची. तिसऱ्याला अर्माबाईंनी घोंगडीच्या आतून विचारलं, "झालं का?"

चौथ्याला डोरीन चादरीमागे काहीतरी पुटपुटली, ठोकाठोकीही झाली. मग व्हर्लिनने वॉल्ट्झच्या पहिल्या ओळी वाजवल्या आणि स्वतःच थांबला. आवाज लोण्यासारखा मऊ निघत होता. एकेक सूर उगवत होता आणि सावकाश मावळत होता.

अर्माबाई घोंगडीतून बाहेर आल्या. "हा श्वास घेतो," त्या म्हणाल्या. "हेल्मुटचं अकॉर्डियन असंच श्वास घ्यायचं."

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीचं, असं तो म्हणाला. ऑगीने चौथ्यासमोर दहापैकी दहा लिहिले. पुढचे सात डबे केवळ उपचार म्हणून झाले. गुरगुरणाऱ्यांत सातवा बरा ठरला.

अर्माबाई घरात जायच्या आत व्हर्लिनने पाकीट फोडलं. चार नंबरसमोर नाव होतं पिवळ्या डब्याचं.

तो बघतच राहिला. पिवळा म्हणजे सगळ्यांत स्वस्त. गिटारच्या एका जुन्या पेडलच्या खरेदीवर फुकट आलेला. व्हर्लिन त्याला कधी अँप्लिफायरमध्ये घालत नसे, दाराला अडसर म्हणून लावत असे.

"हा?" ऑगी म्हणाला. "हा तर डब्यात वटवाघूळ कोंडल्यासारखा वाजतो, असं तूच म्हणायचास."

"तेच तर," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नव्याने धर्म बदललेल्या माणसाचं तेज होतं. "इतकी वर्षं मी रंग बघत होतो, ऑगी. माणूस किती आंधळा असतो."

त्याच दुपारी त्याने शेजारच्या बे सिटीच्या क्लिंट बोहॅननला फोन केला. क्लिंटही गिटारवाला. व्हर्लिनने टाकलेली वस्तू उचलायची, हाच त्याचा छंद. चार आणि सात ठेवून उरलेले नऊच्या नऊ डबे क्लिंटने नेले आणि बदल्यात बर्फ उडवायचं मशीन देऊन गेला. राडेमाखरांचं मशीन डिसेंबरातच मेलं होतं, आणि तेव्हापासून डोरीन फावड्याने बर्फ काढत होती. मार्च संपत आला असला, तरी तिने मशीनचं हँडल प्रेमाने पुसलं.

"तुझ्या छंदातून घराला उपयोगी पडलेली पहिली वस्तू," ती म्हणाली.

सोमवारी व्हर्लिनने पिवळा डबा लावला आणि वॉल्ट्झ वाजवली. आत वटवाघूळ होतं.

केबल खराब असेल, म्हणून त्याने केबल बदलली. वटवाघूळ ओरडतच राहिलं. मंगळवारी ट्यूब बदलल्या. बुधवारी त्याला वाटलं की गॅरेजमधल्या थंडीचा गुण असेल, म्हणून अँप्लिफायर पुन्हा गॅरेजमध्ये नेला आणि कुडकुडत वाजवला. गुरुवारी चादरही टांगली.

"चादर कशाला?" डोरीनने विचारलं.

"त्या दिवशी होती. कापडाने आवाज मऊ होतो."

"व्हर्लिन, दुसरा डबा लावून बघ ना."

"दुसरा उरलाय तो गुरगुरणारा. आणि निकाल लागलाय. तिघांनी ऐकलंय. दोष डब्यात नाही, माझ्यात आहे. कान अजून तयार व्हायचेत."

शुक्रवारी त्याच्या हातून एका गृहस्थाची खालची कवळी वरच्या जबड्याच्या मापाने झाली.

रविवारी सकाळपासून बर्फ पडायला लागलं. मार्चमध्ये मिशिगनला लाज नसते. तरी साठेक माणसं हॉलमध्ये जमली. तळलेली कोंबडी झाली, बटाट्याचं सॅलड झालं. स्वयंपाकघराची मालकीण असल्यासारखी वावरणारी ट्रूडी केसलर दर पाच मिनिटांनी स्टेजपाशी येऊन सांगून जाई, "आवाज बेताचा ठेव. मला ऑर्डर ऐकू यायला हव्यात."

व्हर्लिनने सासूबाईंकडे बघून मान लववली आणि वॉल्ट्झ सुरू केली. चार ओळी झाल्या. पुढच्या टेबलावरच्या एका बाळाने रडायला सुरुवात केली. अर्माबाईंनी हात वर केला.

"हा तो नाही."

"आई, तोच आहे. चार नंबर. तुम्हीच निवडलात."

"मला शिकवू नकोस. त्या दिवशीचा श्वास घेत होता. याला दमा आहे."

कोंबडीची ताटं उचलणारी डोरीन थांबली. "चार नंबर?" ती म्हणाली. "चार नंबर कुठे? चौथा आठ होता."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. व्हर्लिनला कळलं, आणि तो स्टेजवरच खाली बसला.

"चौथा आठ होता म्हणजे?"

"म्हणजे मी चौथ्या वेळी घातला त्याच्यावर आठ लिहिलं होतं. चांगलं लक्षात आहे. तपकिरी, फुटक्या बटणाचा. सरकता सरकेना, माझं नख तुटलं."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तूच म्हणालास ना, उलटसुलट घाल? मी घातले. कागदावर लिहूनही ठेवले होते. तू विचारलंस कुठे? तू तर पाकीट फोडून रंगांवर प्रवचन देत सुटलास."

ऑगीने बास खाली ठेवला. "मग सातवा पण सात नव्हता," तो विचार करून म्हणाला.

सातवाही चुकीचाच होता. पण आठवडाभर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. व्हर्लिनच्याही नाही. हा विषय मग पुन्हा कुणी काढला नाही.

व्हर्लिनने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून क्लिंटला फोन लावला. क्लिंटने शांतपणे ऐकून घेतलं.

"देतो की," तो म्हणाला. "माझं मशीन घेऊन ये. इथे गुडघाभर बर्फ साचलंय."

"मशीनच्या बदल्यात नऊ डबे दिलेत मी तुला."

"हो, आणि मला त्यांची गरज नव्हती. तुला आज एकाची आहे. मग एका मशीनला एक डबा. घाई मला नाही, व्हर्लिन."

"माणूस आहेस का कोण आहेस?"

"मी वाट बघतोय."

केक कापायला तास होता. "मी आलोच," असं म्हणून व्हर्लिन निघाला. घरी जाऊन त्याने एकट्याने ते मशीन पिकअपमध्ये चढवलं. त्यात पँटचा गुडघा फाटला. वाटेत बर्फामुळे गाड्या गोगलगायीसारख्या चालल्या होत्या. बे सिटीला पोचला तेव्हा क्लिंट दारात चपला घालून, हातात कॉफी घेऊन उभा होता.

"चालतंय ना अजून?" त्याने मशीनकडे बोट दाखवलं.

"तुझंच आहे. आठवड्यापूर्वी तूच दिलंस."

"आठवडाभर तुझ्याकडे होतं. तुझ्या हातात वस्तूंचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. अंगण साफ करून दाखव, म्हणजे खात्री पटेल."

आणि सुटाबुटातल्या, लाल टाय लावलेल्या, सासूच्या वाढदिवसातून उठून आलेल्या व्हर्लिन राडेमाखरने क्लिंट बोहॅननचं अख्खं अंगण साफ केलं. टपालपेटीपर्यंत. क्लिंटने कॉफी संपवली आणि तपकिरी डबा आणून दिला.

"चांगला आहे हा," तो म्हणाला. "तू का दिलास, मला कळलंच नाही."

व्हर्लिन डबा घेऊन पिकअपमध्ये चढला. खरं कारण सांगितलं असतं तर चर्चच्या हॉलमध्ये परत जायला तोंड राहिलं नसतं.

तो परतला तेव्हा हॉलबाहेर चारच गाड्या उरल्या होत्या. आत खुर्च्या टेबलांवर चढल्या होत्या. केकच्या जागी चिकट पुठ्ठा होता. ऑगी बास पेटीत ठेवत होता.

"वॉल्ट्झ?" व्हर्लिनने विचारलं.

"झाली," ऑगी म्हणाला. "मी नुसता बास धरला, बाकी सगळ्यांनी गायली. पाय आपटून. खिडक्या हलत होत्या. छान झाली रे, खरं सांगतो." मग व्हर्लिनचा चेहरा बघून म्हणाला, "म्हणजे गिटार नव्हती, ती उणीव होतीच."

अर्माबाई मात्र पुढच्या खुर्चीत कोट घालून बसल्या होत्या. मांडीवर हात, नजर स्टेजवर. व्हर्लिन तसाच वर चढला. त्याने पिवळा डबा काढला, तपकिरी घातला. तो अडला, तसं त्याने तळहाताने हलकेच ठोकलं. ट्यूब तापेपर्यंत थांबला. आणि वाजवायला लागला.

तोच आवाज. अगदी तोच. रिकाम्या हॉलमध्ये तर आणखी खुलला. व्हर्लिनने डोळे मिटले. अख्ख्या आयुष्यात तो इतका चांगला वाजला नव्हता. एक सूर इकडचा तिकडे नाही. मध्येच डोळे किलकिले करून बघितलं, तर सासूबाई त्याच्याकडे एकटक बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मवाळ, समजूतदार भाव होता. शेवटचा सूर हॉलभर पसरून विरला. स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा थांबली होती. आवाज कमी कर, असं ट्रूडी एकदाही म्हणाली नव्हती.

व्हर्लिनने डोळे उघडले आणि वाट बघितली.

डोरीन खुर्च्यांमधून पुढे आली. टेबलावरच्या बशीत, केकच्या चुऱ्याशेजारी, दोन लहान वस्तू पडल्या होत्या. तिने त्या उचलल्या, रुमालाने पुसल्या आणि आईच्या हातात दिल्या.

"सगळे पाय आपटायला लागले तेव्हा आईने काढून ठेवली होती," ती व्हर्लिनकडे न बघता म्हणाली. "कानातली यंत्रं."

अर्माबाईंनी एक डाव्या कानात बसवलं, एक उजव्या. टकटक करून बघितलं.

"झालं का तुझं जोडून?" त्यांनी विचारलं. "केव्हाची बघतेय, नुसता चाळवतोयस. वाजव की आता. मला घरी जायचंय."

व्हर्लिनने ऑगीकडे बघितलं. ऑगीने छताकडे बघितलं. मग व्हर्लिनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोटं अंगण झाडून दमली होती, मन तर त्याहून. डब्याने आपलं काम चोख केलं. व्हर्लिन मात्र दुसऱ्या कडव्यात सरळ चुकला, एक सूर वर गेला, तो सावरायला गेला आणि आणखी एक चुकला. कसाबसा शेवटाला पोचला.

अर्माबाई उठल्या. कोटाची बटणं लावत स्टेजपाशी आल्या.

"तिथेच," त्या म्हणाल्या, "हेल्मुटसुद्धा दर वेळी तिथेच चुकायचा."

आणि डोरीनच्या हाताला धरून त्या बर्फात निघून गेल्या. ही शाबासकी होती की टोमणा, ते व्हर्लिनला अजून कळलेलं नाही. डोरीनला विचारायची सोय नव्हती. घरी पोचताच तिने गॅरेजमध्ये डोकावून मशीन कुठे गेलं, ते विचारलं होतं.