शाल्मलीबाई वर्तक यांसी पाचवी पायरी प्राप्त जाहली, ती हकिकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून आणि शारदेपाशी खरे लिहिण्यापुरते बळ मागून हे वर्तमान लिहिण्यास घेतले असे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, ते समयी एक थोर दौलत होती. तिची राजधानी सातासमुद्रापलीकडे आणि इकडील कारखाना माळावरच्या काचेच्या इमारतीत. उद्योग ऐसा की रयतेने मोबाइलवरून एकमेकांस पैसे धाडावे आणि दौलतीच्या सॉफ्टवेअरने ते क्षणात पोहोचते करावे. कारखान्यात हजारो इंजिनिअर चाकरीस होते आणि त्यांच्या मानाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. तिसरीवर नवे येत, चौथीवर कामाचे गडी असत, पाचवीपासून वरिष्ठ म्हणवत आणि सहावीस पोहोचले त्यांस राजधानीचे लोक नावाने ओळखत. दरसाल दोन वेळां सभा बैसे, ती कोणास वर घ्यावे ते ठरवी, आणि सभेचा शिरस्ता ऐसा की ज्यास वरची पायरी हवी त्याने त्या पायरीचे काम आधी वर्षभर खालच्याच पायरीवर राहून करावे, मग सभेची मर्जी जाहली तर द्यावी, न जाहली तर काम करीत राहावे.

शाल्मलीबाई वर्तक, अलिबागेकडील, सहा वर्षे चौथ्या पायरीवर होत्या. हुशारीत उणे नाही, चाकरीत कसूर नाही, परंतु मागून आलेले दोघे पाचवीवर गेले आणि बाईंचेच काम तपासून त्यात चुका दाखवू लागले, तेणेंकरून बाई मनी बहुत कष्टी जाहल्या. मग एके दिवशी कारभारी अनिरुद्धपंत ठकार यांजकडे गेल्या आणि स्पष्टच पुसिले, “पंत, माझे काय राहते ते एकदा सांगून टाका.” पंत बोलिले, “बाई, तुमचे काम चोख आहे. पण चोख काम हे चौथीचेच. पाचवीस प्रभाव लागतो. काही नवे उभारा, राजधानीत नाव ऐकू जाईल ऐसे.” बाई म्हणाल्या, “काय उभारू? सगळे तर उभेच आहे.” “मग काही पाडा,” ऐसे म्हणून पंत हसले. बाई हसल्या नाहीत, कां की ते त्यांच्या मनात उतरले.

त्या कारखान्यात हणमंतराव बिडवे म्हणून उदगीरचे गृहस्थ होते, तेही चौथीवरच. बाई नव्या आल्या तेव्हा याच हणमंतरावांनी शेजारी बसवून त्यांस काम शिकविले होते आणि दुपारचा डबा दोघे एका मेजावर खात. दौलतीची चौकी हणमंतरावांच्या हातची होती. चौकी म्हणजे काय, तर पैसे धाडणारा खरा तोच आहे की कोणी तोतया, हे ओळखणारा प्रोग्राम. ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चाले, म्हणून तिचे नाव कोणी काढीत नसे आणि हणमंतरावांचेही काढीत नसे. बाईंनी तीच जागा हेरली आणि नवी चौकी बांधण्याचा बेत मांडला. हणमंतरावांनी डबा खाता खाता विचारले, “आहे त्यात काय खोट निघाली म्हणायलात?” बाई म्हणाल्या, “खोट निघाली असती तर दुरुस्त करून भागलं असतं. मला पायरी पाहिजे, हणमंतराव.” हे ऐकून ते म्हणाले, “बांधा मग. मी हाय की. फक्त जुनी लगेच पाडू नका, दिवाळी होऊस्तोवर शेजारी उभी राहू द्या.” बाईंनी होय म्हटले. परंतु अश्विनात अनिरुद्धपंतांनी सांगितले की दोन चौक्या चालू राहिल्या तर नवीचे श्रेय अर्धे होते, सभा पुसेल की जुनी कां ठेविली, तरी ती बंद करणे. बाईंनी एक दिवस विचार केला आणि जुनी बंद केली. हणमंतराव त्या सुमारास उदगिरास गेले होते. त्यांस कोणी कळविले नाही.

मग भाऊबीज आली. हल्ली भाऊ दूरदेशी असतात आणि ओवाळणी मोबाइलवरून धाडितात, म्हणून त्या सकाळी दौलतीवर रयतेची अशी झुंबड उडाली की पुसू नये. आणि एका भावाने चौघी बहिणींस लागोपाठ पैसे धाडिले की नवी चौकी त्यासी तोतया समजून बाहेर काढी. दहा वाजता लाखो भाऊ दाराबाहेर तिष्ठत होते, आणि राजधानीतून निरोपावर निरोप येऊ लागले. बाईंनी खटपट केली तो अधिकच गुंता जाहला, आणि मग लाज सोडून हणमंतरावांस फोन केला. ते बहिणीच्या घरी पाटावर बसले होते. सारे ऐकून त्यांनी इतकेच विचारले, “जुनी चालू आहे ना? तिकडं वळवा लोकं.” बाई बोलल्या, “बंद केली.” ते म्हणाले, “बरं. बघायलो मी,” आणि पाटावर बसल्याच ठायी लॅपटॉप उघडिला. बाईंस फोनमधून त्यांची बहीण कावेरी हिचा आवाज ऐकू येत होता, “दादा, काय करायलास? ताट धरून बसायले मी केव्हाची. निरांजन विझायलं बघ.” आणि हणमंतराव म्हणत होते, “थांब गं बाय, लोकांच्या बहिणी खोळंबल्यात.” दुपार कलली तेव्हा चौकी मोकळी जाहली. त्या साऱ्या वेळात त्यांनी विचारले ते बाईंनी सांगितले आणि त्यांनी सांगितले ते केले, याखेरीज काही केले नाही. हे बाई जाणत होत्या.

मार्गशीर्षात सभा बैसली. पाच सभासद पडद्यावर दिसत होते, त्यांत राजधानीचा एक. बाईंनी नवी चौकी कैसी योजिली, कैसी उभारिली ते उत्तम प्रकारे निवेदन केले. मग राजधानीच्या सभासदाने पुसिले, “भाऊबीजेस चौकी कोंडली, ती कोणी सोडविली?” बाई म्हणाल्या, “आम्ही सोडविली.” आता आम्ही हा शब्द दरबारी बोलीत एकासही चालतो आणि अनेकांसही चालतो. सभेने फोड मागितली नाही, बाईंनी केली नाही. संकटसमयी बाईंनी मोठे धैर्य दाखविले ऐसे सभेने मानिले आणि त्यांसी पाचवी पायरी दिधली. कारखान्यात ते जाहीर जाहले तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजविल्या, हणमंतरावांनीही वाजविल्या, आणि म्हणाले, “लई वाट बघितलात, मॅडम. चीज झालं.” त्या दिवशी प्रथमच त्यांनी बाईंस मॅडम म्हटले, आणि ते थट्टेने की मानाने, हे बाईंस उमगले नाही.

मग माघ मासी राजधानीहून हुकूम आला की दौलतीस माणसे जड जाहली, कमी करणे. एके सकाळी हणमंतराव लॅपटॉप उघडू गेले तो उघडेना. दारावर कार्ड लाविले तो दार उघडेना. त्यांचा डबा आणि कप पहारेकऱ्याने बाहेर आणून दिला. बाई धावत अनिरुद्धपंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “बिडव्यांना कां काढलं?” पंत म्हणाले, “त्यांच्या नावावर यंदा काय आहे ते सांगा. जुनी चौकी? ती तुम्हीच बंद केलीत.” बाई म्हणाल्या, “भाऊबीज?” पंतांनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश बोलिले, “भाऊबीज तुमच्या नावावर आहे. तिथून काढून त्यांच्या नावावर घालू म्हणता? घालतो. सभेस पुन्हा लिहावे लागेल, इतकेच.” बाई उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर माळावर कोणी क्रिकेट खेळत होते, तिकडे पाहत राहिल्या. मग “मी सहज विचारलं” ऐसे म्हणून निघून आल्या, आणि त्या दिवसापासून मेजावर एकट्याच जेवू लागल्या.

पुढे शोभन नाम संवत्सर लागले. हणमंतराव ठिकठिकाणी मुलाखती देत होते आणि सर्वत्र एकच पृच्छा होई, इतकी वर्षे चौथीवरच कां? कार्तिकात नाशकाकडील एका लहान दौलतीत त्यांचे जमत आले. तेथील अधिकारी सुलभाबाई कर्वंदे यांनी चौकशीस्तव शाल्मलीबाईंस फोन केला आणि म्हणाल्या, “भाऊबीजेला तुमची यंत्रणा मी सोडवली, असं बिडवे सांगतात. तसं असेल तर आम्ही त्यांना पाचवीवरच घेऊ. खरं का?” आता योग ऐसा की अनिरुद्धपंतांनी त्याच आठवड्यात बाईंचे नाव सहाव्या पायरीस पुढे केले होते आणि त्यात भाऊबीजेचा पराक्रम अग्रभागी होता. या धंद्यात इकडची गोष्ट तिकडे जाण्यास विलंब लागत नाही. बाईंच्या जिभेवर होय आले होते. परंतु त्या बोलल्या, “माणूस फार सज्जन आहे. सगळ्यांना मदत करतात, कधी आवाज चढवत नाहीत.” सुलभाबाई म्हणाल्या, “कामाबद्दल काही?” बाई म्हणाल्या, “मेहनती आहेत.” सुलभाबाई जाणत्या होत्या. इंजिनिअरास नुसते सज्जन म्हटले म्हणजे काय म्हटले ते त्यांस कळले. आभार मानून त्यांनी फोन ठेविला.

मग मार्गशीर्षाची सभा जाहली. बाईंचे निवेदन ऐकून सभेने ठराव केला की भाऊबीजेचे कर्तृत्व पाचवीस पावले, ते पुन्हा मोजता येत नाही, सहावीस नवे दाखवावे. अनिरुद्धपंत म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका, पुढच्या खेपेस पाहू.” बाई जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या तो हणमंतरावांचा फोन आला. ते खुशीत होते. म्हणाले, “मॅडम, नाशकाला घेतलं बघा मला. तिसरीवर घेतलंय, नव्या पोरांच्या बरोबर, पण घेतलं. त्या बाई म्हणाल्या, वर्तक मॅडम तुमच्याबद्दल लई चांगलं बोलल्या. घरी सगळ्यांना सांगितलं मी, कावेरीला पण. तुमच्यामुळंच झालं हे.” बाई म्हणाल्या, “अभिनंदन, हणमंतराव.” ते म्हणाले, “कधी नाशकाकडं आलात तर घरी जेवायलाच या,” आणि फोन ठेविला.

येणेंप्रमाणे शाल्मलीबाईंसी पाचवी पायरी प्राप्त जाहली. त्या अद्याप तिजवर आहेत. हल्ली सभेत सभासद म्हणून बैसतात, आणि कोणी आम्ही म्हणाले तर खाली पाहतात, पुसत नाहीत. नाशकास अद्याप गेल्या नाहीत. इतके वर्तमान घडले, तितके लिहिले. लेखनसीमा.