निनावी कागदावरचा शिक्का

कार्तागो शहराच्या इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काढलेल्या मारिएलोसबाई कुणापुढे कधी अडखळल्या नव्हत्या. त्यामुळे 'जनुकं आणि आहार' या विषयावरच्या पाहणीची प्रश्नावली टेबलावर आली तेव्हा त्यांनी ती तीनच्या कॉफीबरोबर उरकून टाकली. जनुकांनुसार आहार ठरवण्याचं ज्ञान? पुरेपूर. आत्मविश्वास? पुरेपूर. खरं तर जनुकांशी त्यांचा संबंध शाळेतल्या वाटाण्यांच्या धड्यापाशीच सुटला होता.

शेजारच्या टेबलावर नवी आहारतज्ज्ञ ग्रेटेल प्रत्येक प्रश्नापुढे 'अजिबात नाही' अशी खूण करत होती.

"अगं, असं लिहितात का? इस्पितळाची काही अब्रू आहे की नाही?"

"निनावी आहे ना बाई. कुणाला कळतंय कोणी लिहिलं?"

बाईंना ते पटलं, आणि कागद पुढे सरकवताना त्यांनी सवयीने खाली आपला शिक्का उमटवला. नाव, वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं, परवाना क्रमांक. पेशंटच्या सूपपासून मधुमेहाच्या तक्त्यापर्यंत एकही कागद त्यांच्या टेबलावरून शिक्क्याशिवाय उठत नसे.

महिन्याभरात राजधानीतून आहारतज्ज्ञांच्या मंडळाच्या अध्यक्षा येसेनिया यांचा फोन आला. दोनशे उत्तरांत सगळीकडे 'पुरेपूर' लिहिलेलं एकच निघालं होतं, सुदैवाने शिक्क्यासकट. तीन आठवड्यांनी परिषद होती आणि मुख्य व्याख्यान बाईंनीच द्यावं असा आग्रह होता. ग्रेटेल समोर बसून ऐकत होती. तिच्यादेखत नाही म्हणणार कसं? बाई म्हणाल्या, आनंदाने.

बातमी इस्पितळभर झाली. दुसऱ्याच दिवशी संचालक ओल्देमार आपल्या जनुक-तपासणीचा अहवाल घेऊन दारात उभे. त्यांच्या शरीरात कॉफी फार सावकाश जिरते म्हणे, तर सोडावी का? बाईंनी अहवाल उलटा धरला की सुलटा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी कॉफी घेतली की झोप लागते?"

"कुठली लागतेय."

"मग दुपारनंतर घेऊ नका."

संचालक आठवडाभर ढाराढूर झोपले आणि भेटेल त्याला बाईंची विद्वत्ता सांगत सुटले. बाईंना मात्र आता परिषदच दिसत होती. सव्वीस वर्षांचं नाव एका तासात मातीला मिळणार होतं. फोन आला तेव्हापासून त्या रोज पहाटे उठून वाचत होत्या. एक पान कळलं की दोन नवी न कळणारी निघत.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत अध्यक्षा, संचालक आणि ग्रेटेल. बाई माईकपाशी गेल्या, आणि इतकी वर्षं न फुटलेला घाम त्यांना फुटला.

"त्या कागदावर मी खोटं लिहिलं," त्या म्हणाल्या. "या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुमचा फोन आल्यावर वाचायला बसले. तीन आठवडे झाले, एवढंच."

ग्रेटेलने मान खाली घातली. अध्यक्षा उठल्या.

"तीन आठवडे वाचलंय असं आणखी कोणी आहे का इथे?"

एकही हात वर झाला नाही. अध्यक्षांचाही नाही.

"मग बोला बाई," असं म्हणून त्या खाली बसल्या.

बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि तासभर बोलल्या. मध्ये दोनदा "हे मला ठाऊक नाही" असं म्हणाल्या. दोन्ही वेळा लोकांनी ते लिहून घेतलं.