साडेतीन एकरांचं इंजिन

जयदेवने गवत कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं, आणि घरात त्याला कुणी अडवलं नाही. जयदेवच्या बाबतीत गोष्टी बिघडतात त्या बहुतेक अशाच.

पालेगावात जिथे त्याचं साडेतीन एकर शेत होतं, तिथे आता चार बिल्डिंगी उभ्या आहेत. त्यातल्या बी विंगच्या तळमजल्यावर तो, बायको नूतन आणि आई जनाबाई राहतात. मागच्या दाराला बिल्डरने ‘प्रायव्हेट गार्डन’ दिलं होतं, बारा फूट बाय नऊ. (ब्रोशरमध्ये तिथे चौघंजण बॅडमिंटन खेळत होते.) शेताची आठवण जयदेवला रोज यायची, आणि आली की तो ती भेटेल त्याला सांगायचा. लिफ्टकडे बोट दाखवून म्हणायचा, “ही आमची विहीर.” शेवटी दुसऱ्या मजल्यावरची माणसं त्याला टाळायला जिन्याने जाऊ लागली. पण आत खरंच दुखायचं त्याला. लहानपणी तो शेतावर वडिलांचा डबा घेऊन जायचा (आणि अर्धा वाटेतच संपवायचा), तेव्हा बांधावर कापलेल्या हिरव्या पात्यांचा जो वास यायचा, तो एकदा आपल्या जमिनीवर उभं राहून घ्यायचा होता. बस्स, एवढंच.

जूनमध्ये त्याने लॉनच्या बियांचं पाकीट पेरलं. पंधरा दिवसांत गार्डन हिरवंगार झालं. जनाबाई रोज तिथे जाऊन बसायची आणि पाणी जायचं भोक चिंधीने बुजवायची.

“आये, लॉनला पाणी साचून चालत नाही!”

“तुला काय कलतंय,” जनाबाई म्हणायची. जयदेव चिंधी काढायचा, ती पुन्हा बसवायची.

गवत वीतभर झालं तसा तो उल्हासनगरला मुकेशशेठच्या दुकानात गेला.

“बोलो साईं,” मुकेशशेठ म्हणाला, “छोटी जागा असेल तर बिजलीवाला बस है. बडी असेल तर पेट्रोल इंजिन. जागा केवढी तुमची?”

शेत गेल्यापासून पाच वर्षांत जयदेवला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो ‘बारा बाय नऊ’ म्हणायलाच निघाला होता, पण तोंडातून निघालं, “साडेतीन एकर.”

“अरे वा, शेठ!” मुकेशशेठने चहा मागवला. मग जयदेवने विहीर सांगितली, बांधावरचे ताड सांगितले, खालच्या अंगाची पाणथळ पट्टीसुद्धा सांगितली. मुकेशशेठने सगळं मन लावून ऐकलं आणि साडेपाच हॉर्सपॉवरचं इंजिन काढलं. “पट्टी गीली है ना? मग हेच. दांडी दाबायची, आपोआप चालतं. तुम्ही फक्त मागून चाला.” इतक्या आपुलकीने शेत ऐकून घेणाऱ्याला आता खरं कसं सांगायचं?

रविवारी सकाळी जयदेवने चिंधी काढून साचलेलं पाणी जाऊ दिलं आणि मशीनची दोरी ओढली. अकराव्या ओढीला इंजिन असं गरजलं, की चारही बिल्डिंगी गॅलरीत आल्या. मशीन साडेतीन एकरांच्या हिशेबाने सुटलं. मागून चालायचं सोडा, जयदेव मागून पळत होता. नऊ फूट संपले, तो कसाबसा वळला, पुन्हा संपले. आठव्या फेरीला मशीनने कुंपणाच्या भिंतीला धडक दिली आणि गप्प झालं. नळाजवळचा मूठभर कोपरा तेवढा उरला.

आणि मग तो वास आला. अगदी तोच. जयदेवचे डोळे भरून आले.

“आये! बघ, वास बघ! आपल्या शेताचा वास!”

जनाबाई दारात उभी होती. “येल नाय तर काय? अरं बाला, यो भात हाय!”

“भात? आणि माझं लॉन?”

“तुजं बियानं चिमन्यांनी खाल्लं. मी मूठभर भात फेकलं व्हतं.” तिचा आवाज एकदम खाली आला. “पाच वरसं दसऱ्याला दाराला इकतच्या लोंब्या बांदतंय. यंदा म्हनलं, आपल्या जमिनीतल्या बांदू.”

जयदेव आईच्या मागे उभ्या नूतनकडे वळला. “नूतन, तुला माहीत होतं?”

“हो तर.”

“मग सांगायचं नाही का?”

“अहो, मला वाटलं तुम्ही ओळखलं असेल,” नूतन म्हणाली. “शेत तुमचं होतं ना?”

त्या दिवसापासून जयदेव लिफ्टपाशी बोलेनासा झाला. मशीन ताडपत्रीखाली गेलं. पाणी जायच्या भोकात तो आता स्वतः चिंधी बसवायचा आणि रोज नळाजवळचा कोपरा मोजायचा. दसऱ्याच्या तोंडावर तिथे अकरा लोंब्या धरल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी पाहतो तर कोपऱ्यात बुजगावणं उभं, आणि त्याच्या अंगात जयदेवचाच ऑफिसचा शर्ट.

“आये, अकरा लोंब्यांना बुजगावणं? एवढ्याशासाठी पाखरं येतील तरी का?”

“पाखरांना कोन घाबरतंय,” जनाबाई म्हणाली. “त्यांना भात कलतं. ता तुज्यासाठी हाय.”